रिकाम्या ओळीतली सँडल

१

खेळात तीनशे बारा वस्तू होत्या. सोमवारी सकाळी त्या तीनशे तेरा झाल्या.

चोरी झाली की वस्तू कमी होते. इथे एक वस्तू वाढली होती, त्यामुळे तक्रार नेमकी कशाची करायची हेच कोणाला कळेना. 'चकवा' या खेळाचा सातवा भाग बाजारात येऊन तीन आठवडे झाले होते. रानात फिरायचं, नाना तऱ्हेचे चकवे डबीत पकडायचे, त्यांना पोसायचं, लढवायचं आणि वाटेत मिळतील त्या वस्तू पिशवीत जमवायच्या, असा हा खेळ. रविवारी रात्री त्याच्या अदलाबदलीच्या बाजारात कोणीतरी एक वस्तू मांडली. लहान मुलाच्या पायातली लाल सँडल, डावी, बक्कलवाली. खाली एकच वाक्य होतं: 'दुसरी मिळाली की सांगा.' पहिला धारक या रकान्यात नावाऐवजी नुसता आकडा होता, ४. आणि बदल्यात काय हवं, तिथे रिकामा चौकोन.

सकाळपर्यंत चार लाख लोकांनी ती पाहिली होती. प्रत्येकाने काही ना काही देऊ केलं होतं आणि प्रत्येकाला नकार आला होता.

कंपनीत वस्तूंची यादी सांभाळणाऱ्या बाईंना सगळे यादीबाई म्हणत. बावीस वर्षं त्या एकाच खुर्चीत होत्या. कोणतीही वस्तू खेळात घालायची तर आधी त्यांच्या तक्त्यात ओळ लागायची, शेजारी सही लागायची, आणि शेवटी सगळ्या तक्त्याखाली त्यांची सही पडायची. सातव्या भागाखाली त्यांनी लिहिलं होतं: 'ओळी तीनशे तेवीस, पैकी रिकाम्या अकरा, वस्तू तीनशे बारा. तपासले.'

साडेनऊला सगळ्यांना काचेच्या खोलीत बोलावलं. भिंतीवर सँडल एवढी मोठी दिसत होती, की तिचं बक्कल दाराच्या कडीएवढं झालं होतं. चित्रं काढणाऱ्या रंगाऱ्याने विचारलं, हे आहे तरी काय. वस्तूंची वर्णनं लिहिणाऱ्या लेखकाने तेच विचारलं. सर्व्हर सांभाळणारा तात्या वयाने पस्तिशीचाच, पण कुरकुरण्यात सत्तरीचा, म्हणून तात्या. त्यानेही आधी तेच विचारलं आणि मग म्हणाला, की चारचा आकडा म्हणजे रकाना बिघडलाय, त्यात जायला नको.

साहेब, म्हणजे कंपनीचे मालक, भिंतीकडे एकदाच पाहून खाली बसले होते.

"ही कोणी बाहेर काढली?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी यादीबाईंकडे वळून सांगितलं, की शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्यांना नाव हवं.

"आणि नाही मिळालं तर?" बाईंनी विचारलं.

"तर यादीखाली सही तुमची आहे, बाई. मग तुम्ही घरी बसा."

२

यादीबाईंना पोलिसी खाक्या जमत नव्हता. त्यांनी वही घेतली, पेन घेतलं आणि एकेकाच्या टेबलाशी स्टूल ओढून बसल्या. माणूस काय बोलतो ते लिहायचं आणि कशाला बगल देतो तेही लिहायचं, एवढीच त्यांची पद्धत.

रंगाऱ्याने आधी हात वर केले. हे चित्र त्याचं नव्हतं, असूच शकत नव्हतं. सोळा ठिपके रुंदी आणि चार रंग, एवढ्यात चित्रं बसवायचे दिवस पहिल्या भागाबरोबर संपले, तेव्हा तो शाळेत होता. मग त्याने चित्र मोठं केलं आणि टाचेवर बोट ठेवलं.

"हात शिकाऊ आहे," तो म्हणाला. "पण बाई, ही मनातून काढलेली नाही. समोर ठेवून काढली आहे. टाच बघा, आतल्या बाजूने झिजली आहे. मनातल्या सँडल झिजत नाहीत."

बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

लेखकाचं म्हणणं वेगळंच. त्याच्या मते ते वाक्य वर्णन नव्हतंच. दोरी असेल तर वर्णनात दोरी किती लांब ते येतं, औषध असेल तर कशावर ते येतं. इथे वस्तूबद्दल काहीच नाही. कोणीतरी कोणालातरी निरोप ठेवला होता आणि तो चार लाख लोकांनी उघडून वाचला होता. बोलताना तो बाईंची नजर टाळत होता. विचारल्यावर कळलं, त्याने स्वतः रात्रभर बसून त्या सँडलच्या बदल्यात आपले सगळे चकवे देऊ केले होते, कामाच्या वेळेतले दोन तासही त्यात गेले होते, आणि ते वहीत येऊ नये अशी त्याची इच्छा होती.

राहिला तात्या. साहेबांचा रोख त्याच्यावरच आहे हे त्याला समजलं होतं, कारण जुन्या भागांतल्या पिशव्या नव्या भागात आणायचा दरवाजा त्याने बांधला होता. या वेळी पहिल्यांदाच तशी सोय होती. खेळाची जुनी कॅसेट नव्या यंत्राच्या जोडणीत बसवायची आणि वीस वर्षांपूर्वीची पिशवी आजच्या खेळात उतरवायची.

"तुम्ही सही केलीत तोच खेळ बाजारात गेलाय. अक्षराचाही फरक नाही, मी तीनदा जुळवला," तो म्हणाला. "म्हणजे सँडल आपण घातलेली नाही. ती माझ्या दरवाजाने बाहेरून आली. कोणाच्यातरी पिशवीतून."

"पण आपल्या खेळाला तिचं चित्र ठाऊक कसं?"

इथे तात्याने डोकं खाजवलं. दरवाजातून येतो तो वस्तूचा क्रमांक. चित्र आणि मजकूर खेळाच्या कोठीत आधीपासून असावा लागतो. आणि सँडलचा क्रमांक होता एकशे सत्तेचाळीस.

बाईंनी तक्ता उघडला. एकशे सत्तेचाळिसावी ओळ रिकामी होती. पहिल्या भागापासून रिकामी होती.

तक्त्यातली ओळ कधीच खोडायची नाही, हा त्या कार्यालयातला पहिला नियम. खेळाडूच्या पिशवीत वस्तूंची नावं नसतात, क्रमांक असतात. दुसऱ्या भागाच्या वेळी कोणा शहाण्याने एक ओळ खोडली, खालचे क्रमांक एकेकाने वर सरकले आणि हजारो लोकांच्या औषधांच्या दोऱ्या झाल्या. तेव्हापासून, पहिल्या भागात करत तसंच, नको असलेली वस्तू फक्त लपवायची. तिचं नाव काढायचं, रानातली जागा काढायची, चित्र आणि मजकूर मात्र कोठीत तसाच राहू द्यायचा, कारण तो हलवला की दुसरं काहीतरी कोसळतं.

म्हणजे सँडल बावीस वर्षं कोठीत पडून होती. सातही भागांत. बाईंच्या सहीखाली.

"पण ती कोणाच्या पिशवीत असेलच कशी?" तात्या म्हणाला. "खेळ बाजारात येण्याआधीच लपवली असेल, तर ती कोणालाच सापडलेली नाही. नसलेली वस्तू कोणी आणली, बाई?"

३

बुधवारी बाई घरी पोचल्या तेव्हा त्यांचे यजमान पाय पसरून खेळत बसले होते. शिक्षकी संपल्यापासून त्यांना हा नाद लागला होता. बाईंनी कार्यालयातलं घरी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण यजमानांच्या हातातल्या पडद्यावर लाल सँडलच होती.

"तुम्हीसुद्धा?"

"सगळं जग मागतंय, मी काय पाप केलंय?" यजमान म्हणाले. त्यांनी आपला सोनेरी चकवा देऊ केला होता. समोरून नकार आला होता, तोही तयार वाक्यातला. त्या बाजारात खेळाडूंना एकमेकांशी मनाचं काही लिहिता येत नसे. चारच वाक्यं असत, त्यातलं एक दाबायचं: 'नको', 'धन्यवाद', 'विचार करतो' आणि 'पुन्हा भेटू'. यजमानांना 'नको' आलं होतं आणि ते त्यांना लागलं होतं.

बाई चहा ठेवायला उठल्या आणि जाताजाता म्हणाल्या, की मागणीचा चौकोन रिकामा ठेवणाऱ्याला काहीच नको असणार, थट्टा चाललीय नुसती.

"रिकामा ठेवता येतच नाही," यजमान म्हणाले.

बाई दारातच थांबल्या.

यजमानांनी समजावून दिलं, वर्गात देत तसं, एकेक पायरी. मागणी मांडताना सगळ्या वस्तूंची पाटी समोर येते, ओळीने चौकोनच चौकोन. त्यातला एक दाबल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. पण त्या पाटीत काही चौकोन कोरे असतात, का ते कोणाला माहीत नाही. त्यांचं बोट मागे एकदा चुकून कोऱ्या चौकोनावर पडलं, तर मागणीत कोरंच उमटलं आणि खेळाने ते निमूट मान्य केलं.

ते कोरे चौकोन का असतात हे बाईंना चांगलं माहीत होतं. त्या लपवलेल्या ओळी होत्या. अकरा.

म्हणजे सँडलवाल्याने काही मागितलं नव्हतं असं नाही. त्याने अकरा रिकाम्या वस्तूंपैकी एक मागितली होती.

त्यांनी चहा तसाच सोडून तात्याला फोन लावला. मागणीच्या चौकोनात काय दिसतं ते नको, क्रमांक काय नोंदलाय ते बघ, एवढंच सांगितलं. तात्या दोन मिनिटं कुरकुरला, मग म्हणाला, "एकशे अठ्ठेचाळीस."

सँडलच्या शेजारची ओळ. तीही पहिल्यापासून रिकामी. बाई नव्या असताना त्यांना नेहमी वाटायचं, की बाकीच्या रिकाम्या जागा विखुरलेल्या, याच दोन जोडीने का?

"आणि त्या क्रमांकाचं चित्र?"

"नाही. कोठीत काहीच नाही. या वस्तूला चित्र कधी काढलंच नव्हतं. बाई, जी वस्तू कोणी बनवलीच नाही, ती हा माणूस मागतोय. वेडा आहे का?"

बाईंना ते वेड वाटलं नाही. त्यांना आठवला होता तो बिघडलेला रकाना. पहिला धारक, ४.

४

गुरुवारी त्या सगळ्यांच्या आधी कार्यालयात आल्या आणि मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं.

पहिला भाग बाजारात येण्याआधी त्याच्या सहा कॅसेट तपासणीसाठी वाटल्या होत्या. त्या अर्धवट होत्या. काही जागा पुढे बंद झाल्या, काही वस्तू पुढे लपवल्या गेल्या, आणि खेळाडूला नाव विचारायची खिडकी तर तेव्हा तयारच झाली नव्हती. नावाच्या जागी खेळ कॅसेटचाच क्रमांक घेत असे, एक ते सहा. हे सांगू शकतील अशी माणसं आता कंपनीत दोनच होती. एक त्या स्वतः, एक साहेब.

रकाना बिघडलेला नव्हताच. तो बरोबर सांगत होता: चौथी कॅसेट.

पण चौथी कॅसेट कपाटात होती. सहाही खोके ओळीने होते, प्रत्येकावर चिठ्ठी आणि प्रत्येक चिठ्ठीवर त्यांची सही. नोकरीच्या पहिल्या आठवड्यातलं त्यांचं पहिलं काम: सहा कॅसेट परत आल्या, मोजून घेतल्या, कपाटात ठेवल्या. खोके तेव्हा उघडायचे नसत. आत धूळ जाते, टोकं खराब होतात, असं त्यांना सांगितलं होतं. तो नियम त्यांनी बावीस वर्षं पाळला होता, नव्या येणाऱ्यांना शिकवला होता, एकदा एकाला त्यावरून रडवलंही होतं.

म्हणजे त्यांनी तेव्हा कॅसेट मोजल्याच नव्हत्या, खोके मोजले होते.

चौथ्या खोक्याची चिकटपट्टी त्यांनी नखाने सोडवली. आत कागदात गुंडाळलेलं एक मोठं खोडरबर होतं. बरोबर कॅसेटच्या वजनाचं.

बाई स्टुलावर बसल्या. ज्या चुकीसाठी त्या चार दिवस दुसऱ्यांच्या टेबलाशी जाऊन बसत होत्या, ती त्यांच्याच सहीने कपाटात ठेवलेली होती. हे खोडरबर परत गुंडाळून ठेवलं असतं तर कोणाला कळलं नसतं. तो विचार त्यांच्या मनात आला आणि बराच वेळ राहिलाही.

मग त्यांनी जुनी वही काढली. चौथी कॅसेट कोणाकडे दिली होती तो रकाना बघितला. आणि खोके उघडू नका, धूळ जाते, असं पहिल्या आठवड्यात आपल्याला नेमकं कोणी सांगितलं होतं तेही त्यांना आठवलं.

दोन्हींचं उत्तर एकच होतं.

५

शुक्रवारी पाचला त्यांनी साहेबांच्या टेबलावर खोडरबर ठेवलं आणि उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. बातमी सांगावी तसं, क्रमाने.

सँडल खेळात कोणी घातली नाही, ती आधीपासून होती. ती जुन्या दरवाजाने बाहेरून आली. चौथ्या तपासणी कॅसेटशिवाय ती कोणाकडे असणं शक्य नव्हतं. ती कॅसेट साहेबांकडे दिलेली होती आणि तिच्या जागी हे परत आलं होतं. शिवाय सोमवारी भिंतीवर चित्र लागलं तेव्हा सगळ्यांनी विचारलं, हे काय आहे. साहेबांनी विचारलं, कोणी बाहेर काढली. ज्याला वस्तू ओळखीची असते त्यालाच ती आत होती हे ठाऊक असतं.

"मी नाही काढली, बाई," साहेब म्हणाले.

"ते माहीत आहे. तुम्ही काढली असती तर मला शोधायला लावलं नसतं. कॅसेट कोणाला दिली होती?"

साहेबांनी खोडरबर हातात घेतलं आणि उलटसुलट करत राहिले. मग जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांत. मुलगी पाच वर्षांची होती, पाय मोडून तीन महिने प्लास्टरमध्ये. पडली त्या दिवशी उजवी सँडल कुठेतरी हरवली होती आणि तिला पायापेक्षा सँडलचंच दुःख. साहेबांनी डावी समोर ठेवून चित्र काढलं, खाली ते वाक्य लिहिलं आणि सँडल खेळात लपवली, तिला सापडावी म्हणून. खेळ बाजारात जाताना भागीदार म्हणाला, घरच्या गोष्टी इथे नकोत. ओळ लपवली. पण पोरीच्या हातातली कॅसेट काढून घेणं त्यांना जमलं नाही.

"आणि शेजारची ओळ?"

"तिला म्हटलं होतं, दुसरीची जागा शेजारीच राखून ठेवलीय. वेळ मिळाला की काढतो." ते थांबले. "नाही मिळाला."

पुढे घर मोडलं, मुलगी आईबरोबर गेली. गेली आठ वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. सोमवारी चित्र बघून त्यांना वाटलं, की कार्यालयातल्याच कोणीतरी कोठी उकरून त्यांची चेष्टा चालवली आहे.

"घरचं कोणी असेल असं मनात नाही आलं?"

"ती कॅसेट एव्हाना मेली असेल, बाई. आतली बॅटरी पंधरा वर्षांत संपते, मग सगळं पुसलं जातं."

"हो. संपायच्या आत कोणीतरी बदलून घेतली," बाई म्हणाल्या. "ज्याला फेकायची असते तो बॅटरी बदलत नाही. खातं कोणाचं आहे ते मी तात्याला विचारलेलं नाही. ते विचारायचं काम माझं नाही. त्या खात्याने चार लाख लोकांना नकार दिलाय, कारण एकशे अठ्ठेचाळीस एकाच माणसाकडे असू शकते."

बाईंनी वही उघडून पुढे ठेवली. बावीस वर्षांपूर्वीच्या नोंदीखाली त्यांनी नव्या शाईने लिहिलं होतं: 'खोका क्र. ४ मध्ये कॅसेट नव्हती. न उघडता सही केली. चूक माझी.' खाली तारीख आणि सही.

"तुम्ही नाव मागितलं होतं. हे माझं," त्या म्हणाल्या. "घरी बसायचं असेल तर सोमवारपासून बसते."

साहेबांनी पेन घेतलं, 'चूक माझी' यातला शेवटचा शब्द खोडला आणि वर 'दोघांची' असं लिहिलं. मग विचारलं, एका रात्रीत ओळ भरता येते का.

"चित्र आणि सही, दोन्ही असेल तर येते. मजकूर नसला तरी चालतो."

शनिवारी सकाळी रंगारी मदतीला आला. डावीचं चित्र उलटं केलं की उजवी तयार, एका मिनिटाचं काम, असं त्याने सांगितलं. साहेब नको म्हणाले. पोर पडण्याआधीपासूनच उजवा पाय ओढत चालायची, उजवी पुढून झिजायची, टाचेला नाही. सोळा ठिपक्यांत ते बसवायला त्यांना पावणेतीन तास लागले. मजकुराची जागा त्यांनी कोरीच ठेवली. यादीबाईंनी तक्त्यात दोन ओळी भरल्या, वस्तू तीनशे चौदा केल्या आणि या वेळी दोन्ही चित्रं स्वतः उघडून बघून मग सही केली.

बारा वाजून दहा मिनिटांनी यजमानांचा फोन आला. सँडल बाजारातून गेली होती. कोणातरी नशीबवानाने उचलली, आणि तो सोनेरी चकवा आपण उगाच देऊ करून अपमान करून घेतला, असं त्यांचं म्हणणं होतं. बाईंनी संध्याकाळी सांगते म्हणून फोन ठेवला. मग त्या मागच्या खोलीत गेल्या, कपाट उघडलं आणि उरलेले पाच खोके एकेक करून फोडायला बसल्या.

तिसऱ्यावर असताना साहेब दारात येऊन उभे राहिले. हातात खेळ होता. पडद्यावर अदलाबदलीत मिळालेली डावी सँडल होती आणि तिच्याखाली नुसतं एक वाक्य: 'पुन्हा भेटू'.

"बाई," ते म्हणाले, "हे तयार वाक्य आहे. कोणीही कोणालाही पाठवतं. याचा काही अर्थ धरायचा का?"

बाईंनी तिसरा खोका उघडला, आत कॅसेट असल्याची खात्री केली आणि वहीत टीप केली.

"वाक्यं चार होती," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना तिने 'नको' दिलं होतं."